आंधळा बोल्ट

संजूनं ट्रॅक्टरमागं दोर बांधून ती गाडी ओढत आणली तेव्हा वाल्मिक एका टेम्पोखाली उताणा पडला होता. त्याला आधी चाकं दिसली. चारही बसलेली, रिमवर लाल चिखल वाळून खपल्या धरलेला. मग बंपरचा आत गेलेला डावा कोपरा दिसला, आणि वाल्मिकच्या हातातला पाना त्याच्याच छातीवर पडला.

"मिस्त्री, बाहेर तो ये," संजू वरून म्हणाला.

वाल्मिक बाहेर आला नाही. टेम्पोचं तेल गळत होतं ते पुसत राहिला, जणू त्या एका थेंबावर सगळी दुनिया अडली होती. त्या गाडीचा नंबर वाचायची त्याला गरज नव्हती. तीन वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता की तो नंबर त्याला आठवला नाही.

याच गाडीत त्याचा थोरला भाऊ गेला होता. गोकुळ. दोघं शिरपूरकडून इकडं सिल्वासाच्या भागात आले, गोकुळ आधी नरोलीच्या एका कंपनीत मशीन जोडायला लागला, मग दोन कंपन्यांच्या भिंतींच्या मधल्या पट्ट्यात पत्रे ठोकून त्यानं हे गॅरेज काढलं. जुनी डिझेल गाडी म्हणजे गोकुळ, असं दादऱ्यापासून खानवेलपर्यंत नाव झालं होतं. तीन वर्षांपूर्वी याच चार सिलेंडरच्या गाडीचं काम पुरं करून तो तिला ट्रायलला घेऊन गेला. दुधनीच्या उतारावर ब्रेक लागला नाही. गाडी रस्ता सोडून खाली गेली, सागाला टेकून उभी राहिली. गाडीला काही झालं नाही म्हणायचं. गोकुळचं डोकं मात्र दाराच्या खांबावर आपटलं होतं.

"धरणाच्या कडेला उभी होती तवापासून," संजू सांगत होता. तो दुधनीचा, मधुबनच्या पाण्यात जाळी टाकणारा. "मालकानं सोडून दिली मला. मच्छी सिल्वासाला न्यायची तर आपली गाडी पायजे ने? पितरं सरली की घट बसतात, त्या दिवशी पूजा करून काढायची. तीन दिवस आहेत. होईल?"

"दुसरीकडं ने," वाल्मिक खालूनच म्हणाला.

"दुसरीकडं कोण हात लावतो हिला? मला ठाऊक आहे, हिच्यात माणूस मेला ते. पण गाडीचा काय गुन्हा? चालवणाराच पिऊन होता, सगळे सांगतात."

गॅरेजच्या दाराशी डिझेलच्या घमेल्यात बोल्ट धूत बसलेल्या रोहिणीचे हात थांबले. रोहिणी म्हणजे गोकुळची बायको. संजूला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्याच्या तोंडाला दार नव्हतं. गोकुळनं जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. रोहिणीनं मान वर केली नाही. बोल्ट एकेक करून फडक्यावर मांडत ती म्हणाली, "ठेवून जा गाडी. होईल."

आता ही रोहिणी गॅरेजात काय करत होती, ते सांगायला हवं. नवरा गेल्यावर माहेरचे न्यायला आले होते, ती गेली नाही. आधी हिशोबाला म्हणून येऊन बसायची. मग एके दिवशी एका गाडीच्या सेल्फचा वरचा बोल्ट वाल्मिकला दुपारपर्यंत लागेना, त्याचं मनगट अडकायचं. रोहिणीनं पदर खोचला, बांगड्या काढल्या, अरुंद फटीतून हात घातला आणि दहा मिनिटांत बोल्ट काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. तेव्हापासून जिथं कुणाचा हात जात नाही तिथं तिचा जायचा. लोक हसायचे, मग स्वतःच गाड्या घेऊन यायचे. 'तुमच्या वहिनीचा हात लावा' म्हणायचे, आणि ते ऐकताना वाल्मिकला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण एक ना एक दिवस त्या हाताला तो बोल्ट लागणार, हे त्याला माहीत होतं.

त्या गाडीत डायनामोच्या पाठीला व्हॅक्यूमचा पंप बसलेला. तो पंप ओढ देतो म्हणून ब्रेकचं पेडल हलकं लागतं. त्यानं ओढ सोडली की पेडल लाकूड होतं, दोन्ही पायांनी उभं राहिलं तरी गाडी थांबत नाही. पंपाला तीन बोल्ट, एक जरी ढिला राहिला तरी पंप हलतो आणि ओढ सुटते. दोन समोर दिसतात. तिसरा इंजिनच्या मागं, पत्र्याच्या कुशीत, आरसा धरल्याशिवाय दिसत नाही आणि सरळ पाना त्याला लागत नाही. गोकुळ त्याला आंधळा बोल्ट म्हणायचा. त्याच्यासाठी त्यानं बाराचा रिंग पाना गॅसवर लाल करून गुडघ्यासारखा वाकवला होता, मुठीला काळी टेप गुंडाळली होती. तसा पाना साऱ्या नरोलीत दुसरा नव्हता.

आणि गोकुळची एक रीत होती, कंपनीतून आणलेली. जो बोल्ट दिसत नाही तो आवळून झाला की पिवळ्या ऑइलपेंटच्या डबीत बोट बुडवायचं आणि बोल्टच्या डोक्यावर टेकवायचं. पिवळं दिसलं म्हणजे आवळलेला. मग त्यावर कुणी पुन्हा पाना लावायचा नाही. दोघांत तोच विश्वास. वाल्मिकच्या उजव्या बोटाचं टोक लहानपणी चक्कीच्या पट्ट्यात गेलेलं, त्याचा ठसा अर्धाच उठायचा. गोकुळचा पुरा गोल. कुणी काय केलं हे नाव न लिहिता कळायचं.

त्या दिवशी गोकुळ तो वाकडा पाना घेऊन वासोण्याला एका कामावर गेला होता. वाल्मिकनं पंप बसवला, दोन बोल्ट आवळले, तिसरा बोटांनी फिरेल तेवढा फिरवला. पान्यासाठी थांबायला हवं होतं. पण मालक डोक्यावर उभा, पोटात भूक, हाताची सालं निघालेली. नंतर आवळू म्हणून त्यानं बोट बुडवलं आणि टेकवलं. पाना तिथं पोचत नव्हता, बोट पोचत होतं, एवढीच गोष्ट. मग तो जेवायला गेला, जेवून आडवा झाला. गोकुळ परत आला, त्यानं आरसा धरून पिवळं पाहिलं, आणि गाडी काढली.

हे वाल्मिकनं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला, दुर्गालाही नाही. लोक 'पिऊन होता' म्हणाले तेव्हा तो खाली मान घालून ऐकत राहिला. वाकडा पाना त्या गाडीतच होता. आणून दिलेल्या पिशवीत घड्याळ होतं, चप्पल होती, पाना नव्हता. वाल्मिकनं शोधायलाही माणूस पाठवला नाही.

पहिला दिवस त्यानं टायर, रेडिएटर, डिझेलच्या नळ्या यांत घालवला. आतमधून उंदरांची घरटी निघाली, सागाची पानं निघाली. संध्याकाळी उजेड असताना ब्रेकचं तेल भरून पेडल पाहायला तो सीटवर बसला. खांबाकडं त्यानं पाहिलं नाही. पाय पेडलवर ठेवला.

पेडल मऊ गेलं. फुस्स करून.

वाल्मिकनं पाय झटकन काढला. तुम्हाला यात काय एवढं, असं वाटेल. पण गाडी बंद केल्यावर ब्रेकमध्ये ओढ उरते ती एकदोन दाबांपुरती, फार तर रात्रभर. तीन वर्षं उभ्या गाडीचं पेडल दगडासारखं लागायला हवं. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच, आत खोल कुणीतरी श्वास सोडावा तसं. तिसऱ्यांदा दाबायची त्याची छाती झाली नाही. तो उतरला आणि बॉनेटवर हात ठेवला. पत्रा गार होता. पण आतून बारीक टिकटिक येत होती, चालून आलेलं इंजिन निवताना येते तशी.

"भाऊजी, काय झालं?" रोहिणीनं विचारलं.

"काही नाही. तेल उतरलं असंल."

"तुमचं तोंड उतरू राहिलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोकुळची तिथी होती. चाळीतल्या खोलीत गॅसवर स्वयंपाक, पण पितराला निखारा लागतो म्हणून दुर्गानं तबेल्यातून दोन गोवऱ्या आणल्या होत्या. रोहिणीनं निखाऱ्यावर तूप सोडलं, खीर-पुरीचा घास ठेवला. गावाकडं याला आगारी टाकणं म्हणतात. भडका उठला की पितरानं घेतलं. निखारा नुसता धुमसला. दुर्गानं फुंकलं, वाल्मिकनं पुठ्ठ्यानं वारा घातला, तूप पुन्हा सोडलं. डोळ्यांना धूर झोंबला, घास तसाच राहिला.

"गोवरी ओली असंल," दुर्गा म्हणाली. बाहेरची हवा होतीच तशी, सारखी दमट, कपडे वाळत नव्हते.

"त्यांचं काहीतरी राहिलंय," रोहिणी म्हणाली. वाल्मिक उठला आणि न जेवता गॅरेजला गेला.

दिवसभर तो गाडीच्या भोवती फिरत राहिला. पंप सोडून सगळं केलं. शेवटी पंपच उरला. तेव्हा त्यानं रोहिणीला सिल्वासाला पिटाळलं, पिवळा रंग आणा म्हणून. गॅरेजातली डबी महिन्यापासून सुकून दगड झाली होती. ती गेली की आपण एकट्यानं तो बोल्ट काढायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा, मग मेला तो विषय. असा त्याचा बेत. पण त्याचा हात आत गेलाच नाही. मनगटाला पत्र्यानं कापलं, कोपर अडलं, रक्त ठिबकलं. आरसा धरला तर आरशावर वाफ धरली. पुसला, पुन्हा धरली. तासाभरात रोहिणी हात हलवत परत आली. दुकान बंद होतं.

तिनं त्याच्या मनगटाकडं पाहिलं, मग उघड्या बॉनेटकडं. "राहू द्या," ती म्हणाली. "सकाळी मी हात घालते."

तिसऱ्या दिवशी तो आठ वाजता पोचला तेव्हा गॅरेज उघडं होतं. रोहिणी घमेल्यापाशी बसली होती. समोरच्या कंपनीचा पहिल्या पाळीचा माणूस केव्हाच आत गेला होता, रस्त्यावर नुसते ट्रक. तिनं चहा दिला. दुपारपर्यंत ती पंपाबद्दल अवाक्षर बोलली नाही. दोघांनी मिळून क्लचची वायर टाकली, दिवे जोडले. बाराच्या सुमाराला ऊन असं पडलं की पत्र्यांखाली उभं राहवेना. तिनं बांगड्या काढून खिळ्यावर अडकवल्या आणि पदर खोचला.

"वहिनी, हात घालू नका," वाल्मिक म्हणाला.

"का?"

त्याला वाटलं होतं आपण काहीतरी बनवून सांगू. बोल्ट गंजलाय, लागेल. पण तो मडगार्डला धरून खाली बसला, उकिडवा.

"मी आवळला नव्हता तो," तो म्हणाला. "पाना भाऊकडं होता. मी नुसतं बोट लावलं. भाऊनं पिवळं पाहिलं अन्‌ गाडी काढली. मी मारलं त्याला, वहिनी. दारूबिरू काही नव्हतं. मी मारलं."

रोहिणीनं घमेल्यापाशी पडलेलं फडकं उचलून हात पुसले. रडली नाही, ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं वाल्मिकला वाटलं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "सकाळी सहाला येऊन हात घातला मी. बोल्ट बोटावर फिरतोय. अन्‌ डोक्यावर तुमचा अर्धा ठसा, नखाला लागला."

"मग बोलल्या का नाही?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. आज बोलला नसता तर मी उद्या गावी निघाले असते, अन्‌ पुन्हा तुमचं तोंड पाहिलं नसतं. तीन वर्षं लोक त्यांना दारूडा म्हणतात, भाऊजी. किराण्याच्या दुकानात म्हणतात. तुम्ही माझ्या शेजारी उभं राहून ऐकलं." तिनं मडगार्डवर हात आपटला. "उठा. काढा तो बोल्ट तुमच्या हातानं."

वाल्मिक उठला. कालच्याच फटीतून हात घातला. सालं पुन्हा निघाली, पण या वेळी त्यानं हात मागं घेतला नाही, खांदा पत्र्याला रेटला आणि बोटं पंपाच्या मागं नेली. बोल्टचं डोकं लागलं. त्यानं फिरवून पाहिलं.

"फिरत नाही," तो म्हणाला.

"फिरतो. मी सकाळी दोनदा फिरवला."

"नाही फिरत, वहिनी. घट्ट आहे."

"सरका." तिनं त्याला बाजूला केलं आणि हात कोपरापर्यंत आत घातला. वाल्मिक तिच्या तोंडाकडं पाहत होता. तिची नजर कुठंच नव्हती, बोटानं शोधणाऱ्या माणसाची असते तशी. मग ती एकदम स्थिर झाली. बोटं थांबली, पुन्हा हलली, पुन्हा थांबली. तिच्या कपाळावरून घामाचा ओघळ नाकाच्या शेंड्यावर आला आणि तिनं तो पुसला नाही.

"कुणी आलं होतं इथं सकाळपासून?" तिनं विचारलं.

"आपण दोघंच तर आहोत."

"आरसा धरा."

त्यानं तारेला लावलेला आरशाचा तुकडा आत सोडला. आज त्यावर वाफ नव्हती. बॅटरीच्या उजेडात बोल्टचं डोकं दिसलं. एका कडेला त्याचा स्वतःचा अर्धा ठसा, जुना, तडकलेला, धूळ बसून तपकिरी झालेला. आणि त्याला लागून दुसरा. पुरा गोल. पिवळाधमक.

रोहिणीनं हात अर्धा बाहेर घेतला. तिच्या बोटाच्या टोकाला पिवळं लागलं होतं, ओलं. दोघांनी एकदमच फळीवरच्या डबीकडं पाहिलं. झाकण गंजून चिकटलेलं, तसंच होतं.

रस्त्यावरून एक टँकर गेला, पत्रे थरथरले. रोहिणीनं हात पुन्हा आत घातला. या वेळी अजून खोल, दंड पत्र्याला घासेपर्यंत.

"इथं काहीतरी आहे," ती हळू म्हणाली. "बोल्टच्या खाली, खोबणीत. सकाळी नव्हतं."

तिनं ते सावकाश ओढून काढलं. वाकडा बाराचा पाना होता, मुठीला काळी टेप. त्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता. तिनं तो दोन्ही हातांत धरला, गालाला लावला, आणि तेव्हा कुठं रडली.

"कोमट आहे हो," ती म्हणाली. "हातातून आत्ता ठेवल्यासारखा."

वाल्मिकला ठाऊक होतं हे. लहानपणापासून ठाऊक होतं. त्यानं शेतात अर्धी सोडलेली ओळ भाऊ गुपचूप पुरी करायचा. त्यानं वेंधळेपणानं ढिलं ठेवलेलं दार भाऊ उठून लावायचा, आणि सकाळी त्याबद्दल एक शब्द काढायचा नाही. त्या आठवणीनं त्याला हुंदका फुटला. आपल्याला माफ केलं, असं तो म्हणाला, स्वतःशीच, पण मोठ्यानं.

"त्यांनी केलं असंल," रोहिणी डोळे पुसत म्हणाली. "मी नाही अजून. घ्या हा. खोला, पंप धुवा, अन्‌ परत आवळा. तुमचं काम तुम्ही करा."

एका बोल्टला दीड तास गेला. पाना फेऱ्याचा आठवा भाग फिरायचा, मग काढून पुन्हा लावायचा. वाल्मिकच्या हाताची आतली बाजू कोपरापर्यंत सोलली. एकदोनदा त्याला वाटलं, आपली बोटं घसरतात तिथं पाना कुणीतरी धरून ठेवतंय. बोल्ट शेवटी कुरकुरला आणि बसला.

चारला संजू आला, नारळ आणि झेंडूचा हार घेऊन, आणि वाटेत मिळाली म्हणून रोहिणीनं फोनवर सांगितलेली पिवळ्या रंगाची डबी घेऊन. "झाली ने, मिस्त्री?"

वाल्मिकनं डबी उघडून बोट पुढं केलं. रोहिणीनं डबी काढून घेतली. तिनं आत हात घालून बोल्ट चाचपला, जोर लावून पाहिला, मगच आपलं बोट रंगात बुडवून आत टेकवलं. मग संजूला म्हणाली, "ही गाडी पडली तेव्हा चालवणारा माझा नवरा होता. तो प्यायलेला नव्हता. ब्रेक का लागला नाही ते यांना विचार."

संजू वाल्मिककडं वळला. त्याच्या हातातला हार खाली लोंबत होता. वाल्मिकनं हात पुसले आणि त्याला सगळं सांगितलं, पाना, भूक, पिवळं बोट, झोप. समोरच्या टपरीवरची दोन माणसं ऐकायला जवळ आली, त्यांच्यासाठी त्यानं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मग चालत किराण्याच्या दुकानात गेला आणि तिथंही सांगितलं. कुणी थुंकलं, कुणी पाठ फिरवली. संध्याकाळपर्यंत नरोलीत ते सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

संजूनं गाडी नेली. घटाची पूजा झाली, गाडी दुधनीचा उतार चढली-उतरली आणि ब्रेक लागला. वाकडा पाना रोहिणीनं गॅरेजात फळीवरच्या त्याच्या जुन्या खिळ्याला टांगला होता. तीन वर्षं रिकामा होता तो खिळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळा पुन्हा रिकामा होता.

वाल्मिकनं पाना शोधला नाही. त्यानं कालच बंद केलेला टेम्पो पुन्हा उघडला, त्याच्या शेजारची जीप उघडली, आणि डोळ्यांना न दिसणारा एकेक बोल्ट हातानं चाचपून पाहिला. सगळे घट्ट आवळलेले होते. त्यातले किती आपण स्वतः आवळले, ते मात्र त्याला काही केल्या आठवेना.